हिवाळ्यातली दक्षिण इटली : आठ रात्रींचा हिशेब

युरोपच्या सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिल्यांदा मे महिना आठवतो, आणि इटली म्हटलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. त्यात काही गैर नाही. पण ज्यांची मुलं आता हाताशी आली आहेत, किंवा ज्यांच्या घरी सुट्टी मिळते तीच नाताळच्या आसपास, अशा मैत्रिणींनी हिवाळ्यातल्या दक्षिण इटलीचा विचार जरूर करावा. उन्हाळ्यात तिकडे पारा तिशीच्या बराच वर जातो आणि पॉम्पेईच्या उघड्या रस्त्यांवर सावली शोधून सापडत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचं तापमान दहा ते तेरा अंशांच्या आसपास, म्हणजे नाशिकच्या थंडीतली सकाळच म्हणा ना! गर्दी कमी असते आणि नाताळ ते ६ जानेवारी हे सणाचे दिवस टाळले तर हॉटेलांचे दरही उतरलेले असतात.

आम्ही दोघं गेल्या जानेवारीत जाऊन आलो. हाताशी आठ रात्री होत्या, आणि पैसे बरीच वर्षं बाजूला टाकत जमवलेले. अशी सहल पुन्हा केव्हा होईल ते कोणी सांगावं? त्यामुळे नकाशा पुढ्यात घेतला की हेही पाहू, तेही पाहू असं होतं. पण हिवाळ्यात पैशांच्या आधी हिशेब मांडायचा तो उजेडाचा. तिकडे तेव्हा साडेसातच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. शिवाय दुपारी पुष्कळशी चर्चेस आणि लहान दुकानं दोन-तीन तास बंद असतात. म्हणजे बाहेर हिंडण्याचा खरा वेळ उरतो सात तासांचा. म्हणून आमचा नियम साधा होता : रोज उजेडात एकच मोठी जागा, आणि अंधार पडल्यावर छपराखालच्या गोष्टी.

दुसरा नियम मी घातला. रोज गाव बदलायचं नाही. घरच्या सहलीत बॅगा भरायच्या कोणी, किल्ल्या सांभाळायच्या कोणी आणि औषधांची पिशवी शोधायची कोणी, हे तुम्हाला सांगायला नकोच. आठ रात्रींत पाच गावं केली तर घरच्या बाईची अर्धी सहल चेन लावण्यातच जाते. तेव्हा तीनच मुक्काम ठरवले : नेपल्सला चार रात्री, मातेराला दोन आणि बारीला दोन.

आधी काय गाळायचं

काप्री बेट आणि अमाल्फीचा समुद्रकिनारा या दोन नावांवर मी पेन्सिल फिरवली. ऐकून वाईट वाटेल, पण कारणं ऐका. काप्रीच्या बोटी हिवाळ्यात कमी असतात, समुद्र खवळला की त्याही रद्द होतात, आणि तिथली प्रसिद्ध निळी गुहा लाटा असल्या की बंदच. अमाल्फीच्या किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं आणि खाणावळी मार्चपर्यंत कुलूप लावून असतात. ज्या दिवसाचा भरवसा नाही, त्यावर आठातला एक दिवस लावणं परवडत नाही.

नेपल्स : चार रात्री

पहिला दिवस पोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी पॉम्पेई. नेपल्सहून सोरेंटोकडे जाणारी लोकल गाडी आहे. ‘पॉम्पेई स्कावी’ या स्टेशनावर उतरलं की प्रवेशद्वार समोरच. प्रवास पाऊण तासाच्या आतला. गाडीत गर्दी असते, पर्स पुढे धरा. हिवाळ्यात आत जायची शेवटची वेळ दुपारी साडेतीनची आणि पाचला बंद, म्हणून सकाळी नऊलाच हजर व्हावं. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतं.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या राखेत पुरलं गेलेलं हे शहर, १७४८ पासून त्याचं खोदकाम चाललं आहे आणि अजून साधारण तिसरा हिस्सा मातीखालीच आहे. देवळं, नाट्यगृहं सगळे दाखवतातच. तुम्ही मात्र एखादी बेकरी शोधून काढा. लाव्हाच्या दगडाची माणसाएवढी जाती आहेत, ती गाढवं फिरवीत. शेजारी भट्टी. एका भट्टीत तर ८१ पाव जसेच्या तसे सापडले, कोळसा झालेले. कोणीतरी सकाळी भट्टीत घातले असतील आणि काढायला कोणी राहिलं नाही. गुडघ्याएवढे उंच दगड रस्त्यात ओळीनं रोवलेले दिसतात, ते पाणी आणि घाण चुकवून रस्ता ओलांडण्यासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईलाही पदर-परकर सांभाळूनच रस्ता ओलांडावा लागत होता तर!

तिसऱ्या दिवशी नेपल्सचं पुराणवस्तुसंग्रहालय. पॉम्पेईतली भित्तिचित्रं, मोझाइक, भांडीकुंडी सगळी इथे आणलेली आहेत, म्हणून पॉम्पेई आधी आणि संग्रहालय नंतर. हे मंगळवारी बंद असतं. तेव्हा मुक्कामात मंगळवार येत असेल तर तो पॉम्पेईला द्या.

इथे आपल्या घरचं एक माणूस भेटतं. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची वीतभराहून थोडी उंच स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. पहिल्यांदा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, नंतर अभ्यासकांनी ती यक्षी असावी असं मत दिलं. आणि अशाच धाटणीच्या मूर्ती सापडल्या कुठे, तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला! म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्याकडचं हस्तिदंती काम समुद्र ओलांडून इटलीतल्या कोणाच्या तरी घरात जाऊन बसलं होतं. ती ज्या ‘गुप्त दालना’त ठेवतात, तिथे पॉम्पेईची शृंगारिक चित्रंही आहेत. मुलं बरोबर असतील तर आधी लक्षात असू द्या.

संध्याकाळी सान ग्रेगोरियो आर्मेनो ही गल्ली बघा. येशूजन्माचे देखावे मांडण्यासाठी लागणाऱ्या चित्रांची दुकानं इथे बारा महिने असतात. भाजीवाली, कोळी, पाववाला, झोपलेला मेंढपाळ, काय हवं ते. दिवाळीत आपली मुलं किल्ल्यावर मावळे आणि गवळणी मांडतात ना, अगदी तीच हौस. फक्त इथे ती मोठ्या माणसांना आहे.

चौथा दिवस मी वहीत कोरा ठेवला. नेपल्सला नोव्हेंबर ते जानेवारी हे पावसाचे महिने. पॉम्पेईच्या दिवशी पाऊस कोसळला तर तो दिवस इकडे सरकवता येतो. नाही कोसळला, तर हर्क्युलेनियम बघा. पॉम्पेईहून खूपच लहान, पण इथे लाकूडसुद्धा कोळशाच्या रूपात टिकलं आहे, अगदी बाळाचा पाळणाही सापडला. काझेर्ताचा १,२०० खोल्यांचा राजवाडाही गाडीनं जवळ आहे. तोही मंगळवारी बंद.

मातेरा : दोन रात्री

पाचवा दिवस प्रवासाचा. नेपल्सहून बारीला रेल्वेनं साधारण चार तास लागतात, बहुधा काझेर्ताला गाडी बदलावी लागते. बारीहून मातेराला लहान गाडी जाते, ती दीड-पावणेदोन तास घेते. नेपल्सहून थेट बसही असतात. रविवारी आणि सणाच्या दिवशी गाड्या कमी, तेव्हा हा प्रवास आठवड्यातल्या साध्या दिवशी ठेवा.

मातेरा म्हणजे डोंगरउतारावर खडकात कोरलेली घरं, एकावर एक. एकाचं छप्पर तो दुसऱ्याचा रस्ता. संध्याकाळी दिवे लागले की सगळा डोंगर उजळतो आणि वाटतं, काय सुंदर! पण आधी ‘कासा ग्रोत्ता’ हे जुन्या संसाराचं घर बघा. एक गुहा, खिडकी नावाला, आत उंच पलंग. पलंगाखाली कोंबड्या, मागे खेचर. कपाटाचा खण ओढून त्यात तान्हं बाळ निजवायचं. मलेरियानं बाळं दगावत. कार्लो लेव्ही यांच्या १९४५ च्या पुस्तकामुळे ही दैना साऱ्या इटलीला कळली. १९५२ साली कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास माणसं नव्या वस्त्यांत हलवली गेली.

नवी घरं मिळाली, नळ आले, दिवे आले. पण जुनी गेली ती एक गोष्ट होती : चार-सहा घरांमध्ये एक अंगण, एक विहीर, एकमेकींच्या मुलांवर नजर. वाड्याच्या चौकात वाढलेल्या बाईला हे वेगळं समजावायला नको. ब्लॉकमध्ये गेल्यावर आपल्यालाही सोय आवडली आणि चौक आठवला. तेच आहे हे. मातेराची पुढे १९९३ मध्ये जागतिक वारशात नोंद झाली, २०१९ मध्ये हे गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, आणि आज त्याच गुहांमध्ये हॉटेलं आहेत. तिथे जरूर राहा, पण कोणाच्या घरात आपण झोपतो आहोत ते माहीत करून राहा.

इथला पाव रवाळ पिवळ्या गव्हाचा, घरातल्या बायका मळायच्या आणि सामाईक भट्टीवर पाठवायच्या. कोणाचा कुठला ते कळावं म्हणून कणकेवर लाकडी ठसा उमटवायचा. ते ठसे आता दुकानांतून मिळतात. आणण्यासारखी वस्तू.

बारी : दोन रात्री

बारीच्या जुन्या गावात, किल्ल्याजवळच्या गल्लीत, बायका दारात टेबल मांडून ‘ओरेक्येत्ते’ वळत बसतात. रवा आणि पाणी, अंडं नाही. सुरीनं तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटवायचा, की झाला लहानसा कान. आपल्या नखुल्या, गव्हले आणि मालत्या आठवल्या नाहीत तरच नवल! ऊन असलेली सकाळ यासाठी ठेवा. जवळच संत निकोलस यांचं चर्च आहे. त्यांच्या अस्थी १०८७ साली इथे आणल्या. पुढे जगभर सांताक्लॉज झाले ते हेच.

दुसऱ्या दिवशी आल्बेरोबेल्लो. चुन्याशिवाय रचलेली, टोपीसारख्या शंकूच्या छपरांची घरं. कर चुकवायला पटकन पाडता यावीत म्हणून अशी बांधली असं सांगतात. बारीहून गाडीनं दीड तास. सकाळी निघून उजेडात परत यावं.

खाण्याचं कसं

शाकाहारी मैत्रिणींनी काळजी करू नये. मारिनारा पिझ्झ्यावर टोमॅटो, लसूण आणि तेल असतं, चीजसुद्धा नाही. नेपल्सकडे पास्ता घातलेली वालाच्या जातीच्या घेवड्याची किंवा छोल्यांची दाट आमटी मिळते. बारी-मातेराकडे सोललेल्या बाकल्याचं पिठलं म्हणावं असं घाटलेलं आणि वर कडवट पालेभाजी. मात्र हिरव्या भाजीच्या पास्त्यात बारीक मासळी विरघळवलेली असू शकते. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, म्हणून बॅगेत चिवडा हवाच. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते.

निघण्यापूर्वी

- शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.
- महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पॉम्पेई फुकट असतात, पण गर्दीही होते.
- बूट रबरी तळाचे हवेत. मातेराचे दगड पावसात निसरडे होतात. तिथे पायऱ्याच पायऱ्या, म्हणून माणशी एकच लहान बॅग.
- दगडी घरं ओलसर असतात. खोली ठरवताना हीटरची चौकशी करा.
- जानेवारीच्या सुरुवातीला ‘साल्दी’ म्हणजे सवलतीची विक्री सुरू होते. लोकरी कपडे घ्यायचे तर तेव्हाच.

आणि वहीत जो कोरा दिवस ठेवाल, तो कोणी कितीही आग्रह केला तरी घरून भरून नेऊ नका. पाऊस नाही आला आणि पायही दुखत असले, तर त्या दिवशी उन्हात बाकावर बसून राहा. तेवढं आपणही कमावलेलं असतं.