दासाचा घुमट आणि चोखोबांची समाधी

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावाहून आम्ही निघालो ते वेरूळची लेणी पाहावयास. या वाटेने पश्चिमेस जाणाऱ्या प्रवाशाचे मन आधीच कैलास लेण्याकडे धावत असते. त्यामुळे वेरूळपासून कोस-दीड कोसावर असलेले खुलताबाद पुष्कळ मंडळी गाडीच्या खिडकीतूनच पाहतात. कोणी उतरलेच, तर औरंगजेब बादशहाची कबर पाहून परततात. मलिक अंबराच्या घुमटाकडे क्वचितच कोणाचे पाय वळतात. आम्ही मात्र तेथे मुद्दाम गेलो.

वास्तू दगडी, घाट साधा, वर एकच भव्य घुमट. जवळच त्याच्या पत्नीची लहानशी कबर आहे. ज्याच्यासाठी हे उभारले, तो सोळाव्या शतकात हबसाणात जन्मला आणि बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार पालटत तो बगदादेस, तेथून अहमदनगरास आला. तेथे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला आणि पुढे १६०० साली बुडत्या निजामशाहीचा कारभारीच बनला. १६१० साली त्याने खडकी शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर होय. तेथे त्याने बांधलेली भूमिगत नहर ही त्याची दुसरी खूण. १६२४ साली भातवडीच्या रणांगणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाने त्याचे भाल्यावर टांगलेले मस्तक आपण बाणाने विंधीत असल्याचे चित्र काढविले. परंतु ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ साली अंबर मृत्यू पावला, आणि हयातीतच बांधून ठेविलेल्या या घुमटाखाली त्याचे दफन झाले.

ही कथा ऐकून मन अभिमानाने भरते खरे. परंतु लगेच एक शंका उभी राहते. सत्ता हाती आली म्हणून या दासास स्वतःचे स्मारक उभारता आले. ज्यांस ती कधीच लाभली नाही, त्यांची आठवण कोणी ठेवावयाची?

याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. पुसेगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता वेठीस धरलेले चोखोबा भिंत कोसळून इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. ही घटना १३३८ सालची मानतात. चोखोबा काही बाजारात विकलेले गुलाम नव्हते. पण ज्या श्रमास नकार देता येत नाही, तो श्रम आणि दास्य यांत अंतर ते किती? नामदेवांनी ढिगाऱ्यातील अस्थी उचलून कानाशी लावल्या. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्या पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधविली. राजाज्ञा नव्हती, खजिना नव्हता. सोबत्यांनी सोबत्याची आठवण जपली.

वाचकहो, येथे आपणांस थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. त्या समाधीवरून आपली वडीलधारी मंडळी मंदिरात जात आणि चोखोबांचे ज्ञातिबांधव मात्र बाहेरच थांबत. १९४७ साली सानेगुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कोठे ते द्वार सर्वांस खुले झाले. म्हणजे स्मारकास आपण शतकानुशतके हात जोडले. पण त्याचे सांगणे ऐकले नाही.

रणात किंवा गुरे राखताना पडलेल्यांसाठी आपल्या खेड्यांनी वीरगळ उभारले. गढ्या, कुसे आणि विहिरी ज्यांच्या वेठीवर उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी कोरलेला दगड मात्र आमच्या प्रवासात आम्हांस कोठे आढळला नाही. १९५० साली राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठ निषिद्ध ठरविली. एखाद्या गावाने वर्गणी करून जुन्या वेशीपाशी असा एक दगड का बसवू नये? खर्च फारसा नाही. मात्र त्यावर काय कोरावे, कोणाची नावे घालावीत, हे त्या घराण्यांतील वृद्धांनी सांगावे. आपण वर्गणी द्यावी, आणि त्यांचे सांगणे पुरे होईपर्यंत ऐकून घ्यावे.