जामसंड्यातली व्हायवा

मशीन डिझाईनच्या व्हायवात मला टेपर रोलर बेअरिंग आलं होतं. मी धाडधाड उत्तरं दिली. सर खूश, मार्क २५ पैकी २३. रूमवर आल्यावर मी पार्टीही दिली होती. (वडापावचीच, पण दिली.) त्याच विषयाची दुसरी व्हायवा पुढच्याच महिन्यात जामसंड्याला होणार आहे आणि तिथे मी सपशेल नापास होणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

तर झालं असं. मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो. जामसंडे म्हणजे देवगडच्या अलीकडे, अगदी खेटून. ज्यांना फक्त देवगडचा हापूस माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो, त्यातला बराचसा आमच्याकडचाही असतो! आमच्याकडे एक जुनी टाटा सुमो आहे. १९९४ साली ही गाडी पहिल्यांदा आली आणि २०१९ मध्ये बनायची बंद झाली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन 'सुमो' हे नाव ठेवलं होतं. मी लहान असल्यापासून तिला जपानी पैलवान समजत होतो. बाबा सीझनमध्ये तिच्यातून आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जातात. देवगड-निपाणी रस्ता, मध्ये फोंडा घाट.

मी घरी पोचलो तेव्हा बाबा म्हणाले, "घाट उतरताना ब्रेक दाबला की पेडल थरथरतं रे. आवाजही येतो." पुढच्या सोमवारी आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. म्हणजे आजीला घेऊन तोच घाट चढायचा आणि उतरायचाही.

आमचे मेस्त्री रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. वय साठीच्या पुढे. त्यांनी नट सैल केले, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवून खाली घोडी ठेवली आणि चाक काढलं. डिस्कच्या कडेला बोटाला लागेल एवढी धार उभी राहिली होती, मध्ये चरे. पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस जागेवर उभी असते, वर खारी हवा. ओतीव लोखंड गंजायला आणखी काय पाहिजे? मी ऐटीत बॅगेतून व्हर्नियर काढला. जाडी किमान मर्यादेच्या खाली गेली होती.

बाबांनी विचारलं, "लेथवर फिरवून घेतली तर?" मग काय, मी लेक्चरच दिलं. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. माणसांसकट गाडी २००० किलो धरा, वेग ताशी ६० किलोमीटर. एकदा थांबवायला सुमारे २ लाख ७८ हजार जूल. आणि घाटात ५०० मीटर खाली उतरलो असं धरलं तर ९८ लाख जूल! म्हणजे साठच्या वेगातली गाडी ३५ वेळा थांबवण्याएवढी उष्णता. यातली काही इंजिन आणि वारा खातो, उरलेली ब्रेकला. डिस्क जितकी पातळ तितकी लवकर तापणार. तापली की ब्रेक ऑईलही तापणार, आणि ऑईलमध्ये हवेतलं पाणी मुरलेलं असलं तर ते लवकर उकळतं. डॉट ३ ऑईल कोरं असताना निदान २०५ अंशाला उकळायला हवं, पाणी मुरल्यावर ती हद्द १४० वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही.

मेस्त्री म्हणाले, "झिल बरोबर सांगता. डिस्क नवीच घाला." माझी छाती दोन इंच फुगली.

या गाडीत डिस्क हबला मागून बोल्टने धरलेली असते. म्हणून डिस्क काढायची तर अख्खा हब उतरवावा लागतो. मेस्त्रींनी कॅलिपर सोडवून तारेने वर बांधून ठेवला. तो ब्रेकच्या पाइपावर लोंबकळत ठेवायचा नाही, हे मला तेव्हा कळलं. मग टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग. हब हातात आला. बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये घट्ट बसलेली असायला हवी, ती बोटाने फिरत होती. आतली बैठकच झिजली होती. दुसऱ्या बाजूलाही तीच रड. म्हणजे डिस्कबरोबर हबही गेले. कणकवलीहून दोन डिस्क, दोन हब, चार बेअरिंग, सील आणि पॅड आले. बाबांनी बिल बघितलं आणि घडी करून खिशात ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

उजवी बाजू मेस्त्रींनी केली. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंग त्यावर असं दाबत होते की ग्रीस रोलरांमधून पलीकडे यावं. नव्या डिस्कवरचं तेल पेट्रोलने पुसलं. शेवटी एका हाताने हब फिरवत नट आवळला, मग सैल सोडला, पुन्हा बोटांनीच बसवला. पिनचं भोक खाचेसमोर येईना, तर नट थोडा मागे घेऊन पिन घातली. "डावी तू कर," म्हणाले आणि जेवायला गेले.

मी सगळं तसंच केलं. नटापाशी आल्यावर मात्र डोक्यात घाट आणि आजी. सैल कशाला सोडायचा? चाक आहे, घट्टच पाहिजे! भोक जुळेना तेव्हा मी पान्याला पाइप लावला आणि नट पुढच्या खाचेपर्यंत आवळला. नटाला सहा खाचा, म्हणजे खाच ते खाच ६० अंश. आट्यांचा पिच दीड मिलिमीटर धरला तर फक्त पाव मिलिमीटर. पाव मिलिमीटरने काय होतं?

संध्याकाळी मेस्त्री आणि मी शिरगावच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर जाऊन आलो. ब्रेक मस्त, पेडल शांत. मेस्त्री खाली उतरले, उजव्या हबच्या टोपीवर हात ठेवला, मग डाव्या.

"झिला, हय हात लाव."

मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हटलं, "मेस्त्रींनू, नवे पॅड आहेत, घासत असतील."

"मग उजव्याक पण नवेच आसत. उजवो थंड, डावो गरम. सांग बघू कित्याक?"

हीच ती दुसरी व्हायवा. उत्तर मला पाठ होतं. टेपर बेअरिंगवर प्रीलोड जास्त झाला की घर्षण वाढतं, घर्षणाने ते तापतं, तापलं की रोलर फुगतात, फुगले की आणखी घट्ट होतं. शेवटी ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि बेअरिंग जाम होतं. जाम कुठे होणार? जिथे सगळ्यात जास्त तापणार तिथे. घाटात. हे सगळं मी पेपरात आकृतीसकट लिहिलं होतं.

"चाकाक फिरूक जागा ठेय," मेस्त्री म्हणाले. बस, एवढंच.

तेवढ्यात बाबा आले. "काय झाला मेस्त्री?"

"काय नाय. माजाच चुकला. डावो नट जरा जास्त घट बसलो."

बाबा कधी कोणाला बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "मेस्त्री, म्हातारेक घेवन घाट उतरूचो हा! तुमच्याकडसून असा?" मेस्त्रींनी मान हलवली आणि पाना उचलला. मी हाताचं ग्रीस पुसत उभा राहिलो. बोललो नाही. एक वाक्य होतं, "बाबा, तो नट मी आवळला." मराठीतलं सोपं वाक्य. आलं नाही तोंडातून.

हब उघडला तेव्हा ग्रीस काळं झालं होतं आणि रोलरांच्या टोकांना निळसर झाक आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं बेअरिंग बसलं. या वेळी नट मेस्त्रींनी माझ्याच हातून बसवून घेतला. बाबा तिथे नव्हते, म्हणून मी विचारलं, "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"खरा कळला असता तर बापाशीन तुका परत पान्याक हात लावूक दिल्यान नसतो," ते म्हणाले. त्या बेअरिंगचे पैसे त्यांनी बिलात लावले नाहीत.

आजीचं ऑपरेशन नीट झालं. परतीला बाबांनी पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. खाली आल्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि दोन्ही टोप्यांवर हात ठेवून बघितला. दोन्ही सारख्याच कोमट. डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजीने आतून विचारलं, "काय बघतंस रे?" मी म्हटलं, "काय नाय."

मित्रांनो, कॉलेजच्या व्हायवात चुकलो तर फार तर केटी लागते. जामसंड्याच्या व्हायवातले माझे मार्क मात्र दुसऱ्याच माणसाच्या नावावर कापले गेले आहेत आणि अजून तसेच आहेत. हा अंक छापून आला की दिवाळीच्या सुट्टीत घरी नेणार आहे. आधी बाबांना वाचायला देईन. मग बेअरिंगचे पैसे घेऊन मेस्त्रींच्या शेडमध्ये जाईन. ते घेणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी नेणार आहे.