कड

मधुमेहामुळे माझ्या बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत. टाके अजून घालता येतात, धाग्याचा ताण कळतो. पण कातडीखालची गाठ कुठे संपते, ते पूर्वीसारखं कळत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून जनावराच्या शस्त्रक्रियेआधी गाठ चाचपायचं काम मी माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरणीकडे सोपवलं आहे. ती डोळे मिटून चाचपते आणि मार्करने रेघ काढते. तिची रेघ माझ्या रेघेच्या नेहमी बाहेर पडते. ते पाहून मला त्रास होतो.

चरबीच्या आवाळूत कडेचा, म्हणजे गाठीभोवती किती निरोगी मांस कापायचं याचा, प्रश्न नसतो. सार्कोमा या कर्करोगाची गोष्ट वेगळी. बोटाला गोल, घट्ट, हलती गाठ लागते आणि भोवती छान पापुद्रा असल्यासारखं वाटतं. तो पापुद्रा म्हणजे गाठीनं वाढताना दाबून चपटं केलेलं आजूबाजूचं मांस. त्यात आणि त्याच्याही पलीकडे, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी स्नायूवरच्या पडद्याच्या कडेनं पुढे गेलेल्या असतात. पापुद्र्यालगत बोट फिरवलं की अशी गाठ सुळकन बाहेर येते. रक्त नाही, जखम लहान, मालक खूश. त्या क्षणाचं सुख फार मोठं आहे, आणि काही महिन्यांनी टाक्यांच्याच रेघेवर गाठ परत येते.

म्हणून कुत्र्यात बाजूनं ३ सें.मी. आणि खाली एक अखंड पडदा घ्यायचा, असा शिरस्ता आहे. मांजरात लस टोचलेल्या जागी होणारा सार्कोमा तर ५ सें.मी. आणि दोन पडदे मागतो. १९९१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात या गाठीचा लशीशी संबंध लक्षात आला. पुढे खांद्यांच्या मधली जागा सोडून पायावर, शक्य तितकं खाली टोचा, असा सल्ला निघाला. पाय काढून मांजर जगवता येतं, पाठ कशी काढणार? शस्त्रक्रियेत कड मिळणार नाही या धास्तीनं सुईची जागा बदलली.

घोड्याच्या गुडघ्याखाली मात्र ही पट्टी हरते. तिथे स्नायू नाहीत; कातडी, कंडरा, हाड, संपलं. ३ सें.मी. घेतले तर टाके जुळत नाहीत. उघडी जखम भरताना लाल मांस वर चढतं आणि तेही गाठीसारखंच दिसतं. त्यात सारकॉइडची गर्दी. हे नाव १९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅक्सननं रूढ केलं. मागे गाईबैलांच्या चामखिळींचा विषाणू असतो. घोड्याच्या कातडीवर सर्वांत जास्त दिसणारी गाठ तीच, म्हणून खरा फायब्रोसार्कोमा किंवा मज्जातंतूच्या आवरणाची दुर्मिळ गाठ तिच्याआड सहज लपते. काही घोडेवाले तिच्यावर शेपटीचा केस आवळून बांधतात. अर्धवट दुखावलेला सारकॉइड चवताळून वाढतो, हे त्यांना किती वेळा सांगितलं! पण माथेरानच्या वाटेवर ओझं वाहणारा घोडा जखम भरेपर्यंत उभा ठेवणं ज्याला परवडत नाही, त्याच्यावर मी रागवू शकत नाही.

राग येतो तो आमच्यातल्याच काहींचा. अमुक किलोची गाठ काढली म्हणून हातात धरून फोटो काढतात आणि गाठ बादलीत टाकतात. वजन सांगतात, कड सांगत नाहीत. ५०० रुपये जास्त लागतील म्हणून तुकडाही तपासायला जात नाही. घोडा हाताळलेले हातही कमी होत चालले आहेत. मुंबईतल्या घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या. त्या जनावरांसाठी ते बरंच झालं, पण भर रस्त्यात घोड्याचा पाय उचलून बघणारी डॉक्टरांची पिढी तिथेच घडत होती.

माझी स्वतःची हौस लहान व्रणाची आहे. बारीक, सरळ, केसांत लपणारी रेघ. कापलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावून पाठवायची, म्हणजे पेशी कडेपासून किती दूर ते दिसतं. तो अहवाल मी आधी एकट्यानं वाचतो, मग इतरांना दाखवतो. कातडी सुटताक्षणी आक्रसते, फॉर्मॅलिनमध्ये थोडी आणखी, त्यामुळे माझे ३ सें.मी. प्रयोगशाळेत कमी भरतात. यावरून मी पॅथॉलॉजिस्टशी तावातावानं भांडलो आहे. मुद्दा खरा होता, पण ताव विज्ञानाचा नव्हता. माझं माप कुणी कमी लिहिलं, हे मला सोसत नव्हतं.

एकदा न राहवून रेघ काढणाऱ्या त्या मुलीला विचारलं, "तू इतकी बाहेर का जातेस?"

"सर, तुम्ही गाठीवरून बाहेर येता. मी चांगल्या कातडीवरून आत येते. पहिला कडकपणा लागला की थांबते, आणि तिथून मोजते."

म्हणजे मी इतकी वर्षं गाठ चाचपत होतो, आणि ही मुलगी गाठ नसलेली जागा चाचपते. आता मीही बाहेरून आत येतो. बधिर बोटांना पहिला कडकपणा उशिरा लागतो, तेव्हा रेघ तिचीच धरायची.

सध्या एका घोडीची वरची पापणी आमच्यापुढे आहे. बायोप्सीत मज्जातंतूच्या आवरणाची गाठ निघाली. ही गाठ घोड्यात पापणीवर येते आणि काढली तरी तिला परतण्याची खोड असते. पापणीवर ३ सें.मी. म्हणजे डोळाच. माझी तरुण सहकारी म्हणते, जितकं मिळतं तितकं घेऊ आणि उरलेल्या जागेत सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध टोचू. मला वाटतं, एकदाच रुंद घेऊन शेजारची कातडी फिरवून बसवावी. मालकाला दोन्ही सांगून झालंय, डोळा जाऊ शकतो हेही. तो उद्या कळवणार आहे.