पालथा घडा

स्वमग्न मुलाच्या अंघोळीचा प्रश्न बाराव्या-तेराव्या वर्षी नव्याने उभा राहतो. तोवर आईने धरून घातलेली अंघोळ निभावून जाते. मग काखेतल्या घामग्रंथी जाग्या होतात, त्या घामावर त्वचेवरचे जंतू पोसले जातात आणि वास सुटतो. मुलगा एव्हाना आईच्या खांद्याला लागलेला असतो. त्याला धरून ठेवणे जमतही नाही आणि शोभतही नाही. रोज सांगून, बजावून, ओरडून झाले की घरातले कुणीतरी म्हणते, पालथ्या घड्यावर पाणी.

ही म्हण पाणी ओतणाऱ्याने केलेली आहे. आत काही जात नाही, एवढीच तिची तक्रार. पण ओतलेले पाणी घड्याच्या पाठीवर आदळतेच, आणि रिकामा घडा भरल्यापेक्षा जास्त घुमतो. शिवाय घासून झालेला घडा पालथाच घालतात, पाणी निथळावे आणि आत धूळ बसू नये म्हणून. अर्थात म्हणीला इतके ताणायचे नसते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३च्या आवृत्तीत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद ऑटिझमच्या निकषांत घेतला. स्वतः स्वमग्न असलेल्या लेखिका टेम्पल ग्रँडिन यांनी लहानपणी टोचणाऱ्या परकरांविषयी त्याच्या कितीतरी आधी लिहिले होते. अडचण अशी, की दोन्ही प्रतिसाद एकाच मुलात असू शकतात. पाठीवर पडलेला थेंब सुईसारखा लागतो आणि स्वतःच्या घामाचा वास मात्र जाणवत नाही. म्हणजे घडा कुठे पालथा आणि कुठे उघडा, हे जागोजागी बदलते.

बादली-तांब्याच्या अंघोळीत प्रत्येक तांब्या हा नवा धक्का असतो. मधल्या वेळात ओल्या अंगाला वारा लागतो. शॉवरचे पाणी सलग पडते, पण टोचते. तांब्या मुलाच्याच हातात दिला की बराच फरक पडतो, कारण स्वतःच्या हालचालीने होणारा स्पर्श मेंदूला आधीच ठाऊक असतो. आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत, त्याचे कारणही हेच. स्टीलच्या बादलीत नळ सोडला की न्हाणीघर दणाणते, म्हणून बादली आधीच भरून ठेवावी. हलका स्पर्श बहुधा झोंबतो, दाबून केलेला चालतो. जाड टॉवेलने घासण्यापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा अंगावर दाबून टिपावे. पुदिन्याची टूथपेस्ट जिभेला जाळते, बिनचवीची मिळते. नखे अंघोळीनंतर, मऊ असताना कापावीत. मुलींना पॅडची सवय पाळी येण्याआधीच, कोरडे पॅड थोडा थोडा वेळ लावून करून देता येते. ‘नीट अंघोळ कर’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘काखेला साबण, पाच वेळा’ यातून कळते. तेच क्रमाने चित्रांत काढून भिंतीवर लावले तर सांगणाऱ्याचा आवाजही वाचतो.

एवढे करूनही काही दिवस पाणी नकोच असते. त्या दिवशी ओल्या फडक्याने काखा, जांघा आणि पाय पुसून घेतले तर त्वचेचे काही बिघडत नाही. घरातली म्हातारी माणसे त्याला कावळ्याची अंघोळ म्हणतात. वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला ती पुरेल का, हे उन्हाळ्यात एक असते आणि थंडीत दुसरे. मुलाला मात्र पुसलेल्या आणि न पुसलेल्या काखेत फरक वाटत नसतो.