गालिच्याचं कुरण

दादाकडे पहिल्या रात्री झोपच लागेना. मिनिआपोलिसच्या उपनगरातलं नवंकोरं घर, बाहेर चिटपाखरू नाही... आणि दर वीस मिनिटांनी खालून घुर्रर्र! सकाळी वहिनीने खुलासा केला, तळघरातला पंप आहे. जमिनीतलं पाणी वर येतं, ते सारखं उपसावं लागतं. ‘‘अगं, इथे पूर्वी दलदल होती म्हणे,’’ चहात बिस्किट बुडवत दादा म्हणाला. ‘‘बघायचीये तशी? शनिवारी क्रेक्सला जाऊ.’’

अमेरिकेत येऊन दलदल? मला खरं तर मॉलमध्ये जायचं होतं!

पण गेलो. दीड तासाचा ड्राइव्ह, सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन, मग ग्रँट्सबर्ग नावाचं चिमुकलं गाव. त्याला लागून क्रेक्स मेडोज, तब्बल 30,000 एकर. ऑक्टोबरची सकाळ, आणि नजर जाईल तिथवर पिवळंधमक गवत.

गवत म्हणायचं ते आपलं सवयीने. ती सेज, म्हणजे आपल्या लव्हाळ्याची भावंडं. काडी बोटांत फिरवून बघा, गोल नसते, तिकोनी लागते. काही जातींचे झुबके वर्षानुवर्षं वाढत उंचवटे होतात. मी ऐटीत एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि नवे स्नीकर्स घोट्यापर्यंत पाण्यात! तेव्हा कळलं, हे कुरण नुसतं ओलं नाही, ते पाण्यातच उभं असतं.

पुरात लव्हाळं मोडत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याला खरा धोका चर खणण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे पाणी काढून शेती करायचा घाट घातला गेला. खाली नुसती वाळू, शेती कसली होतेय! मग आली एक भन्नाट कंपनी. इथल्या वायरग्रास नावाच्या सेजपासून ती गालिचे विणायची. सेजचं शास्त्रीय नाव केरेक्स, म्हणून ब्रँड क्रेक्स. 1912 मध्ये तिने इथे 23,000 एकर घेतले. कुरणाला नाव मिळालं ते या गालिच्यावरून! पुढे लिनोलियम आलं, गवताचे गालिचे आउट ऑफ फॅशन झाले आणि 1933 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. गंमत बघा, गालिचेवाल्यांना निदान सेज हवी तरी होती. शेतीवाल्यांना तीच नको होती.

1946 मध्ये राज्य सरकारने 12,000 एकर विकत घेतले. बांध घातले, पाणी परत अडवलं. झालं, असं मला वाटलं. पण नाही! बांधाने तळी होतात, बदकं खूश होतात (आणि बदकांचे शिकारीही, त्यांच्या परवान्यांच्या पैशावर असल्या जागा चालतात). पण सेजला खोल पाणी मानवत नाही. तिला उथळ, कमी-जास्त होणारं पाणी लागतं. म्हणून दारं उघडा, पाणी उतरवा, पुन्हा भरा. शिवाय ठरवून आग लावायची! झुडपं जळतात, सेजची मुळं खाली ओलाव्यात शाबूत राहतात. पूर्वी वीज पडून किंवा इथले मूळ रहिवासी लावत त्या वणव्यांनी हेच व्हायचं. आता आग लावायलाही पगारी माणसं लागतात. ‘निसर्गाच्या हवाली’ वगैरे आपण सहज म्हणतो, इथे तर फुल टाइम जॉब निघाला.

संध्याकाळी मात्र मॉल विसरले. आधी आवाज आला, दुरून, घशातून गुळण्या केल्यासारखा. मग सँडहिल क्रेनच्या रांगाच रांगा. करकोच्यांचे हे चुलते दिवसभर आसपासच्या मक्याच्या शेतांत चरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. हजारो होते. 1930 च्या दशकात अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये यांच्या जेमतेम 25 जोड्या उरल्या होत्या. शिकार आणि आटवलेल्या दलदली, दोन्हींची कृपा. दादा एरवी अखंड बोलतो. तोही गप्प.

जायचं असेल तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जा, प्रवेश फुकट आहे. जाड जॅकेट न्या. आणि जुने बूट!

रात्री पुन्हा घुर्रर्र. ‘‘हा पंप बंद पडला तर रे?’’ मी विचारलं.

‘‘स्पेअर आणून ठेवलाय,’’ दादा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.