पूर्वसूरींचें ऋण आणि स्वतःचा सूर

नवें कांहीं निर्माण करणाऱ्या मनुष्याविषयीं आपल्या मनांत एक चमत्कारिक कल्पना रुजलेली असते. आपणांस वाटतें कीं, खरा प्रतिभावान् तोच, जो कोणाचें कांहीं घेत नाहीं; ज्याच्या अंतःकरणांतून काव्य किंवा संगीत, खडकांतून झरा फुटावा तसें, आपोआप बाहेर पडतें. या कल्पनेमुळें तरुणांचें दोन प्रकारें नुकसान होतें. कित्येक जण दुसऱ्याची छाया आपल्यावर पडेल या भयानें थोरांच्या कृतींपासून दूर राहतात. आणि कित्येक जण आपल्या कृतींत दुसऱ्याची छाया दिसली कीं निराश होऊन लेखणी खालीं ठेवितात. मी वर्गांत मराठी निबंध तपासतों आणि प्रार्थनेच्या वेळीं पियानोवर बसतों. या दोन्ही ठिकाणीं हा प्रश्न मला वारंवार भेटला आहे. त्यांपैकीं पियानोचें उदाहरण अधिक बोलकें वाटल्यामुळें आज त्याविषयींच लिहावयाचें योजिलें आहे.

पियानो हें वाद्य फार पुरातन नाहीं. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नांवाच्या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास तें प्रथम तयार केलें. त्यापूर्वींच्या हार्पसिकॉर्ड वाद्यांत तार छेडली जात असे, व बोट हलकें ठेवा कीं जोरानें दाबा, आवाजांत फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीनें तारेवर लहानशी हातोडी पडेल अशी योजना केली. तेव्हांपासून बोटाचा स्पर्श हाच वाद्याचा प्राण झाला. आजच्या पियानोस ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या, मिळून ८८ पट्ट्या असतात. दहा बोटांच्या एकाच मनुष्यानें या पट्ट्यांवर चाल, तिची साथ आणि ठेका हीं तिन्ही एकदम सांभाळावयाचीं. त्याला शब्दांचा आधार नाहीं, साथीदाराची सोबत नाहीं. असें संगीत रचणारा तरी अगदीं एकटा असेल असें कोणासही वाटेल. परंतु इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या खोलींत नेहमींच गर्दी आढळते.

या गर्दींत सर्वांआधीं ज्यास नमस्कार करावा लागतो तो जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०). दहाव्या वर्षीं तो पोरका झाला व थोरल्या भावाकडे राहूं लागला. त्याच्या मृत्यूनंतर १७५४ सालीं छापलेल्या चरित्रलेखांत अशी हकीकत आहे कीं, भावाच्या कपाटांत नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती आणि ती लहानग्या बाखला मिळत नसे. तेव्हां कपाटाच्या जाळींतून हात घालून तो ती रात्रीं बाहेर काढी व दिवा नसल्यामुळें चंद्रप्रकाशांत उतरून घेई. सहा महिन्यांनीं नक्कल पुरी झाली. आणि भावाच्या लक्षांत येतांच त्यानें तीही काढून घेतली! कागद गेले खरे. परंतु सहा महिने एकेक स्वर हातानें लिहितांना जें कानांत व बोटांत उतरलें होतें, तें कोणास काढून घेतां येणार?

पुढें १७०५ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, बक्स्टेहूड नांवाच्या वृद्ध ऑर्गनवादकाचें वादन ऐकण्यासाठीं तो आर्न्स्टाट गांवाहून ल्यूबेक शहरापर्यंत सुमारें ४०० किलोमीटर पायीं गेला. रजा चार आठवड्यांची होती. तो परत आला तेव्हां तिच्या जवळजवळ चौपट काळ लोटला होता, व चर्चच्या अधिकाऱ्यांनीं त्यास जाब विचारला. त्यानंतर वायमार येथें नोकरीस असतां त्यानें इटालियन रचनाकार विवाल्दी याच्या, अनेक वाद्यांनीं मिळून वाजविण्याच्या कृति एकट्या वादकाच्या दोन हातांत बसवून पाहिल्या. हें काम वरवर पाहतां केवळ नकलेचें. परंतु त्यानंतर वीस वर्षांनीं, १७३५ सालीं, त्याचा ‘इटालियन कॉन्चेर्टो’ प्रसिद्ध झाला. त्यांत एकच वादक एका हार्पसिकॉर्डवर साऱ्या वाद्यवृंदाचा आणि त्यांतील मुख्य वादकाचा संवाद उभा करतो. विवाल्दीपासून तेथें मांडणी आली आहे. बोलणारा मात्र बाख आहे.

बाखचा ‘वेल-टेंपर्ड क्लॅव्हियर’ हा संग्रह तर पियानोवादकांचा नित्यपाठच होऊन बसला आहे. सप्तकांतील बारा स्वरांपैकीं प्रत्येकास आधार मानून एक मेजर व एक मायनर, अशा चोवीस पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टींत एक प्रेल्यूड व एक फ्यूग, अशी त्याची योजना आहे. फ्यूग म्हणजे काय? एका आवाजानें एक लहानशी चाल सुरू करावी, ती संपते न संपते तोंच दुसऱ्यानें तीच उंचावर किंवा खालीं धरावी, मग तिसऱ्यानें. आणि सर्वांनीं आपापल्या वाटेनें चालत असतांही एकमेकांशीं जुळून राहावें. पहिला भाग १७२२ सालचा. हा संग्रह १८०१ पर्यंत छापला गेला नाहीं. तोंवर तो हातानें उतरलेल्या वह्यांतून शिष्यापासून शिष्याकडे जात राहिला. ज्यानें चंद्रप्रकाशांत दुसऱ्याची वही उतरली, त्याच्याच वह्या पुढें शेंकडों लोकांनीं उतरून घेतल्या!

अशी एक वही बॉन शहरीं नेफे नांवाच्या शिक्षकापाशीं होती. त्यानें ती आपल्या एका बाल शिष्यापुढें ठेविली. तो मुलगा या संग्रहांतील बहुतेक भाग वाजवितो, असा उल्लेख १७८३ सालच्या एका संगीतविषयक नियतकालिकांत आला. तो मुलगा म्हणजे बीथोव्हेन. पुढें त्याच्या उत्तर वयांतील पियानोच्या सोनाटांत फ्यूग पुन्हा प्रगट झाला. १८२१ सालच्या ११० क्रमांकाच्या सोनाटाच्या शेवटीं एक शोकगीत येतें, त्यामागून फ्यूग उभा राहतो. मध्येंच बळ सरल्याप्रमाणें तो थांबतो, शोकगीत पुन्हा येतें, आणि मग तीच चाल उलटी होऊन हळूहळू प्रकाशाकडे चढत जाते. घराचा पाया बाखचा आहे. परंतु त्या घरांत रडणारा आणि पुन्हा उठून उभा राहणारा मनुष्य बीथोव्हेनच आहे.

आतां शोपँ याचें उदाहरण पाहूं. पियानोसाठींच ज्यानें आपलें जवळजवळ सर्व आयुष्य वेंचलें असा हा पोलंडचा संगीतकार (१८१०–१८४९). त्याच्या ‘नॉक्टर्न’ म्हणजे रात्रगीत या प्रकाराची आज सर्वत्र ख्याति आहे. परंतु तो प्रकार त्यानें शोधून काढिलेला नव्हे. जॉन फील्ड (१७८२–१८३७) नांवाचा एक आयरिश वादक रशियांत राहत असे. डाव्या हातानें स्वरसमूह मोकळे करून दूरवर पसरावे व त्यांवर उजव्या हातानें गळ्यांतून निघाल्यासारखी चाल गावी, ही रचना प्रथम त्यानें केली आणि तिला हें नांवही त्यानेंच दिलें. शोपँनें दोन्ही जशींच्या तशीं उचललीं. परंतु फील्डचें रात्रगीत शांत तळ्यासारखें आहे. शोपँच्या १८४१ सालच्या सी मायनरमधील नॉक्टर्नांत त्याच तळ्याखालून वादळ उठतें, आणि पहिली चाल परत येते ती धापा टाकीत येते.

याच ठिकाणीं मला आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगावीशी वाटते. त्यानें पियानोसाठीं एक लहानशी कृति रचिली. डाव्या हातास पसरलेले स्वर, उजव्या हातास गाणारी चाल. सोबत्यांपैकीं कोणी म्हणालें, “ही तर सरळ शोपँची चोरी!” मुलानें कागदाची घडी केली, आणि कित्येक दिवस तो पियानोजवळ फिरकला नाहीं. मग एके दिवशीं येऊन त्यानें मला विचारलें, “सर, स्वतःचें कांहीं सुचेपर्यंत दुसऱ्याचें वाजविणें बंद करूं का?” मीं त्यास फील्डचें एक नॉक्टर्न व त्यामागून शोपँचें एक, अशीं दोन वाजवून दाखविलीं आणि कोणी कोणाचें घेतलें हें सांगितलें. नंतर त्याचा कागद समोर ठेविला. त्या कृतींत मधले चार बार असे होते कीं, तेथें चाल एकाएकीं थांबून दोनतीन स्वरांवरच हेलकावे घेत राही. तें ना फील्डचें होतें, ना शोपँचें. “हें कोठून आणलेंस?” असें विचारतां तो थोडा लाजला. त्याची आजी धाकट्या बहिणीस निजवितांना जें गुणगुणते, तें तें होतें.

मला वाटतें, सर्व प्रश्नाचें उत्तर त्या चार बारांत आहे. जें अगदीं त्याचें स्वतःचें, तेंही त्यास आजीपासूनच मिळालें होतें. त्याचें असें जें होतें, तें हेंच कीं, आजीचा पाळणा आणि परदेशांतील एका गुरूचें रात्रगीत यांची गांठ त्याच्याच मनांत पडली होती. ती दुसऱ्या कोणाच्या मनांत पडणें शक्य नव्हतें. ज्याला पुष्कळ ठाऊक आहे त्याच्याच मनांत अशा गांठी अधिक पडतात. दुसऱ्याचें ऐकणें बंद करणारा मनुष्य आपलें घर स्वच्छ ठेवीत नाहीं. तो तें रिकामें ठेवितो.

मग ऋण आणि चोरी यांत भेद कोणता? चोर आपल्या मालाचें मूळ लपवितो. ऋणको सावकाराचें नांव उघड सांगतो. ब्राम्सनें १८६१ सालीं रचिलेल्या आपल्या मोठ्या कृतीच्या नांवांतच हँडेलचें नांव घातलें, कारण मूळ चाल हँडेलची होती. देब्युसीनें १९१५ सालच्या आपल्या बारा अभ्यासकृति शोपँच्या स्मृतीस अर्पण केल्या. शोपँ स्वतः १८३८–३९ च्या हिवाळ्यांत मायोर्का बेटावर गेला तेव्हां बाखचा संग्रह त्याच्या बरोबर होता, आणि तेथें त्यानें आपले चोवीस प्रेल्यूड पुरे केले. बाखप्रमाणेंच चोवीस पट्ट्या. परंतु फ्यूग एकही नाहीं, आणि पट्ट्यांचा क्रमही निराळा. त्यांतील ए मेजरचें प्रेल्यूड तर अवघ्या सोळा बारांचें आहे. पुढें १९५० सालीं, बाखच्या मृत्यूस दोनशें वर्षें झालीं तेव्हां, रशियन संगीतकार शोस्ताकोविच लाइपझिग येथील उत्सवास गेला आणि परत येऊन १९५१ पर्यंत त्यानें स्वतःचे चोवीस प्रेल्यूड व फ्यूग लिहिले. त्यांत फ्यूग बाखप्रमाणें आहेत. पट्ट्यांचा क्रम मात्र शोपँनें घेतलेलाच आहे. एका ग्रंथांत दोन गुरूंस असा प्रणाम केलेला पाहून मन भरून येतें.

आपल्या मराठींतही हीच रीति आहे. ज्ञानेश्वर महाराजांनीं आपल्या ग्रंथाच्या शेवटीं आपण व्यासांच्या व भाष्यकारांच्या मागून चाललों असें नम्रपणें सांगितलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं प्रभु येशूचें गुणगान करण्यास संतांचे अभंग व ओवी हीच वाहनें निवडलीं, आणि त्यांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. म्हणून त्यांचीं भजनें कोणी उसनीं म्हणत नाहीं. उलट तीं आपलीं वाटतात तीं याचमुळें.

आतां कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल, “बाखनें नक्कल केली, मग आम्हीं मार्गदर्शिकेंतील निबंध उतरून काढला तर काय बिघडलें?” बाळांनो, बाखनें उतरून घेतलें तें जाणण्यासाठीं, तुम्ही उतरतां तें जाणण्याचा त्रास चुकविण्यासाठीं. हात दोघांचाही चालतो. डोकें एकाचेंच चालतें. आज कोणताही फ्यूग क्षणांत ऐकावयास मिळतो, ही मोठी सोय आहे. परंतु क्षणांत आलेलें क्षणांत जातें. म्हणून ज्यांस पियानोसाठीं कांहीं रचावयाचें आहे त्यांस माझें सांगणें साधें आहे. बाखचें एक पान स्वतःच्या हातानें उतरा. तें सावकाश वाजवा. मग दुसऱ्या पट्टींत वाजवून पाहा. नंतर पुस्तक मिटून आठच बार स्वतःचे लिहा व आठवडाभर बाजूस ठेवा. पुन्हा पाहतांना प्रत्येक बारास विचारा, “तूं नसतास तर काय उणें झालें असतें?” ज्याला उत्तर देतां येईल तो राहील, बाकीचे खोडावे. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मूल महिनोन् महिने एकच जुनें पान घोंकीत बसलें तर, ‘यांत नवें तें काय?’ असें विचारून त्याचा हिरमोड करूं नये. पेरलेलें बीं रोज उकरून पाहिल्यानें लवकर उगवत नाहीं.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांतील दासांचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानांतून निसटते. तिघांपैकीं कोणाजवळचेंही द्रव्य त्याचें स्वतःचें नव्हतें. सर्वांस तें धन्यानेंच दिलें होतें. दोघांनीं त्या दुसऱ्याच्या द्रव्यावर व्यापार करून तें दुप्पट केलें व ते शाबासकीस पात्र झाले. तिसऱ्यानें तें भयानें जमिनींत पुरलें, आणि जसेंच्या तसें परत आणून दिलें. त्याच्या हिशेबांत एका पैचीही चोरी नव्हती. तरी धन्यानें त्यालाच दोष दिला. आपणांस मिळालेले सूर, शब्द व विद्या हींही अशींच दुसऱ्यांनीं हातीं दिलेलीं आहेत. तीं निर्भयपणें वापरावीं, देणाऱ्याचें नांव विसरूं नये, आणि पुढच्याच्या हातीं देतांना त्यांत आपली थोडीशी भर घालावी.