ज्याचा कागद त्याच्या कनवटीला

परदेशी जायचं ठरलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. चिवड्या-लाडवांचे डबे भरले जातात, आणि घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एका पाकिटात जाऊन ते पाकीट कर्त्या पुरुषाच्या खांद्याला लटकतं. डब्यांबद्दल माझी तक्रार नाही. पाकिटाबद्दल मात्र चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण विमानाच्या प्रवासात खपून जाणारी ही पद्धत जहाजाच्या सहलीत महागात पडू शकते.

2024 साली दिवाळीच्या सुमाराला मी, आमचे हे आणि सासूबाई असे तिघं सिंगापूरहून जहाजाने पेनांग आणि फुकेतला जाऊन आलो. अशा सहलीत जहाज सकाळी बंदराला येतं, माणसं दिवसभर गाव बघतात आणि संध्याकाळी परततात. सामान खोलीतच राहतं, त्यामुळे पर्स घेऊन शनिवार खूटला निघाल्यासारखं हलकं वाटतं. गोम इथेच आहे. आपण पाय ठेवतो तो दुसरा देश असतो, आणि जहाज ठरल्या वेळेला सुटतं. जहाजाने काढलेल्या सहलीच्या बसला उशीर झाला तर बहुधा थांबतात. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाहीत.

जवळ बाळगायचे कागद थोडेच असतात. पहिलं म्हणजे जहाजाचं कार्ड. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र. ते दाखवल्याशिवाय परत चढता येत नाही. दुसरा पासपोर्ट. काही जहाजांवर तो चढतानाच जमा करून घेतात, काही बंदरांत तो सोबत न्यावा लागतो. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात हे छापलेलं असतं. परतायची वेळ आणि बंदरावरच्या एजंटाचा नंबरही त्यातच मिळतो, म्हणून तो कागद टाकून देऊ नये. पासपोर्ट लागणार नसेल तर तो खोलीतल्या तिजोरीत ठेवावा आणि झेरॉक्स घेऊन उतरावं. बाहेर न काढलेल्या पासपोर्टाइतका कोरडा पासपोर्ट दुसरा नाही.

पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्यालाच लागतं आणि चालत गाव बघता येतं. 1833 सालचं महामरिअम्मन देऊळ बघून आम्ही बाहेर पडलो आणि पाऊस कोसळला. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत जास्त पावसाचे महिने. बेळगावच्या पावसाची सवय असलेल्यांनाही छत्री आवरेना. धक्क्यावर परतलो तर फाटकाबाहेर आमच्याच जहाजावरची हुबळीची एक बाई दोन मुलांना घेऊन चिंब उभी होती. चौघांची कार्डं नवऱ्याच्या पिशवीत, आणि नवरा चॉकलेटं आणायला गेलेला. फोनही त्याच्याकडेच. पहारेकरी आपल्या जागी बरोबर होता. त्याला तिचं नाव, गाव, भाषा काहीच उपयोगाचं नव्हतं. त्याला कार्ड हवं होतं.

सासूबाईंचं कार्ड त्यांच्याजवळ होतं. त्या आत जाऊ शकत होत्या, पण गेल्या नाहीत. "अंजबेडव्वा, बरतार," म्हणत त्या तिच्याशेजारी छत्री धरून उभ्या राहिल्या. माहेर बैलहोंगलचं, त्यामुळे धीर देताना त्यांच्या तोंडी कन्नडच येतं. नवरा पाऊण तासाने धावत आला. पिशवीत पाणी शिरलं होतं. प्लास्टिकची कार्डं टिकली, पण घरच्या प्रिंटरवर काढलेल्या पासपोर्टाच्या प्रतींची शाई पसरून त्या निळ्या-काळ्या झाल्या होत्या. त्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते; झेरॉक्सच्या दुकानातली प्रत तग धरते. साधी गोष्ट, पण निघण्याआधी कुणी सांगत नाही.

फुकेतला प्रकार निराळा. पातोंगच्या किनाऱ्याला आमचं जहाज समुद्रातच नांगर टाकून उभं राहिलं आणि माणसांना छोट्या बोटीतून नेलं. बोट वरखाली होते, खलाशी आपला हात धरतो, आणि वाकताना खांद्यावरची पिशवी घसरून पुढे येते. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. कागद कमरेला किंवा कपड्याच्या आत गळ्यात असावेत, खांद्यावर नव्हेत.

पण कमरेला म्हणजे घामाला. यावर सासूबाईंची रीत मला सगळ्यांत पटली. झिपच्या पिशवीत पासपोर्ट घालायचा, हाताने दाबून हवा काढायची आणि तोंड लावायचं. ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत घालायची, म्हणजे आतलं तोंड खाली आणि बाहेरचं वर. मग ते सगळं कापडी चंचीत घालून कनवटीला. हे काम खोलीतच करायचं. एसीत गार झालेला कागद दमट हवेत उघडा आणला तर चष्म्यावर धुकं धरावं तसा त्यालाही दमटपणा धरतो. "पापडाचा डबा पावसाळ्यात उघडा ठेवतो का गं आपण?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. त्यांचा लाडका शब्द 'जोपान'. मराठीतल्या 'जोपासणे'चा सख्खा भाऊ वाटावा असा.

एवढं करूनही पासपोर्ट भिजलाच, तर उन्हात वा केस वाळवायच्या यंत्रापुढे धरू नये. कोरड्या कापडाने टिपून, पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवावा. नव्या पासपोर्टांच्या वेष्टनात चिप असते, ते वाकवू नये.

एका वहीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणाला वाटेल. पासपोर्ट पेनांगला गेला तर आपलं उच्चायुक्तालय साडेतीनशे किलोमीटरवर, क्वालालंपूरला. फुकेतला गेला तर दूतावास बँकॉकला, आठशे किलोमीटरच्या वर. आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग तिकडे धावपळ. तिथे तातडीचा जो दाखला मिळतो, तो फक्त भारतात परतण्यापुरता. जहाज केव्हाच पुढे गेलेलं असतं.

आणि घरी परतल्यावर आपली, सीमाभागातल्यांची, आणखी एक गंमत सुरू होते. अनेकांचा जन्मदाखला कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत आणि पासपोर्ट इंग्रजीत. या तिन्ही लिप्यांतून फिरताना एकाच आडनावाचे तीन अवतार होतात. त्यात 1 नोव्हेंबर 2014 पासून 'बेळगाव'चं सरकारदरबारी 'बेळगावी' झालं. जुन्या कागदावर एक, नव्या कागदावर दुसरं. आपण तेच, हे पटवून देताना किती खेटे घालावे लागतात ते वाचकांना मी सांगायला नको. म्हणून आपल्याला तर हातातला कागद जास्तच जपायला हवा.

पण फाटकाशी उभ्या असलेल्या त्या बाईकडे पाहताना मला पावसापेक्षा वेगळीच गोष्ट टोचली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत थोरली स्त्री रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख झाली. कार्डावर नाव तिचं, पण कार्ड मुलाच्या कपाटात, फायलीत. बँकेचं पासबुक, आधार, पासपोर्ट, सगळ्याचं तेच. "तुला काय कळतंय, हरवशील," असं म्हणत आपण आयुष्यभर डबे, दागिने, नातवंडं सांभाळणाऱ्या बाईला तिचाच कागद सांभाळू देत नाही. आमच्या तिघांत सगळ्यांत कोरडे कागद पंचाहत्तरीच्या सासूबाईंचे राहिले.

तेव्हा पुढच्या सहलीला निघताना एक मोठं पाकीट विकत घेऊ नका. माणशी दोन झिपच्या पिशव्या घ्या. कार्ड ज्याचं त्याच्याजवळ, पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ, आणि प्रती मात्र एकमेकांच्या एकमेकांजवळ. मुलांचे कागद आईबापांनी वाटून घ्यावेत. आणि हे बंदरावर शिकवण्यापेक्षा महिनाभर आधी घरातच सुरू करा. आजीच्या हातात तिचा पासपोर्ट द्या, त्यातलं तिचं नाव तिला दाखवा, आणि तो कुठे ठेवायचा ते तिचं तिला ठरवू द्या.